टीडेमान साहेबांची वीबके

वकिलातीत नोकरी म्हटलं की पुण्याचे नातेवाईक उर्मिला आगाशेला हमखास विचारायचे, "मग काय, राजदूतांबरोबर पार्ट्या का?" उर्मिला हसून वेळ मारून न्यायची. सिंगापूरच्या जर्मन वकिलातीतली तिची खोली पार्ट्यांपासून फार लांब होती. तिथे यायचे ते पासपोर्ट हरवलेले लोक, चांगी विमानतळावर उतरताना बॅगेत व्हेप, म्हणजे तिथे बंदी असलेली ई-सिगारेट, सापडल्याने दंड झालेले लोक. माकडाला केळं दिलं म्हणून पकडलेले एक शिक्षकही एकदा येऊन गेले होते. आणि मधूनमधून मेलेले लोक. म्हणजे ते स्वतः येत नसत, त्यांची बातमी यायची. परदेशात माणूस गेला की त्याच्या घरी कुणीतरी बोलावं लागतं. ते बोलणं या खोलीतून व्हायचं.

उर्मिलाने आठवीत संस्कृतऐवजी जर्मन घेतलं होतं, मार्क पडतात म्हणून. पुढे त्याचाच नाद लागला. लग्नाआधी ती कोथरूडला जर्मनचे क्लास घ्यायची. मग नवरा उन्मेष तांजोंग पगारच्या एका बँकेत सॉफ्टवेअरच्या कामावर रुजू झाला आणि ती डिपेंडंट पासवर सिंगापूरला आली. काही वर्षं घरात, मुलीच्या मागे गेली. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर वकिलातीत स्थानिक कर्मचारी म्हणून तिची निवड झाली. यिशुनला फ्लॅट, एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, जाणं-येणं, मुलगी जाई सेकंडरी शाळेत. सगळं रुळावर होतं म्हणायचं.

हेनिंग टीडेमान तिथे आले दोन हजार बावीस साली. ही त्यांची शेवटची नेमणूक. उंच, थोडं पोक काढून चालणारे, आणि आवाज इतका हळू की समोरचा माणूस आपोआप पुढे झुकायचा. पहिल्या आठवड्यात ते तिला "फ्राऊ आगाश", म्हणजे आगाश बाई, म्हणायचे. तिने एकदा दुरुस्त केलं, तर ते खुर्चीवरून उठले, उभं राहून "आगाशे, आगाशे" असं तोंडात घोळवलं, आणि पुन्हा कधी चुकले नाहीत.

"आपल्या कामात नाव चुकलेलं चालत नाही," ते म्हणाले.

मुत्सद्दी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे करार, गालिचे, झेंडा लावलेल्या गाड्या येतात. टीडेमान साहेबांच्या नोकरीत ते कुठेच नव्हतं. उत्तर जर्मनीतल्या एका लहानशा बंदराच्या गावी त्यांच्या वडिलांची बेकरी होती. पहाटे पीठ मळण्यापेक्षा जग बघावं म्हणून पोराने परराष्ट्र खात्याची परीक्षा दिली. जग त्याला मिळालं, पण बहुतेक ठिकाणी ते शवागाराच्या दारातून दिसलं. लोमे, लिमा, अल्माटी, लागोस; जिथे गेले तिथे हाच विभाग. अपघात, बुडालेले, हृदयविकाराने हॉटेलच्या खोलीत गेलेले. वरिष्ठांना कळून चुकलं होतं की हे काम या माणसाइतकं कुणाला जमत नाही. म्हणून त्यांना दुसरं काम कधी मिळालंच नाही. बायको दुसऱ्या नेमणुकीवरून माहेरी गेली ती परत आली नाही. मुलंबाळं नव्हती.

उर्मिलाला त्यांनी फोन करायला शिकवलं. आधी आपलं नाव सांगायचं. मग समोरच्याला बसायला सांगायचं. मग सरळ 'मृत्यू' हा शब्द वापरायचा. 'गेले', 'राहिले नाहीत' असलं काही नाही, कारण ऐकणारा त्यातून पळवाट शोधतो. आणि शेवटचा नियम ते फार कडक आवाजात सांगायचे.

"जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते बोलायचं नाही. लोक विचारतील, त्रास झाला का, चेहरा शांत होता का. पाहिलं नसेल तर सांगायचं, मला माहीत नाही."

उर्मिलाला हे पटलं नाही. तिच्या मनात बाबा आले. एप्रिल एकवीस, पुण्यात कोविडने कहर केलेला, विमानं बंद. बाबा हॉस्पिटलमध्ये एकटे, आणि ती इथे यिशुनच्या स्वयंपाकघरात फोन हातात घेऊन. वॉर्डमधल्या साधना नावाच्या सिस्टरने फोन केला होता. "ताई, काका शांत गेले हो. शेवटी तुमचं नाव घेतलं. उर्मी म्हणाले." त्या एका वाक्यावर उर्मिलाने ते वर्ष काढलं होतं.

"पण त्यानं कुणाला आधार मिळत असेल तर?" तिने विचारलं.

टीडेमान यांनी हातातल्या पेनाचं टोपण लावलं. "आपण न पाहिलेलं सांगतो ना, फ्राऊ आगाशे, तेव्हा त्यातून एक माणूस तयार होतो. मग त्याला राहायला जागा लागते."

तिला वाटलं, जर्मन बोलण्याची काहीतरी पद्धत असेल. तिने विषय सोडला.

पण त्या माणसाच्या काही गोष्टी खटकायच्या. त्यांच्या खोलीला समुद्राकडची खिडकी होती. नांगरलेली जहाजं ओळीने दिसायची, दुसरा कुणी असता तर रोज चहा घेऊन तिथे उभा राहिला असता. टीडेमान साहेबांनी आल्या दिवशी टेबल फिरवून पाठ खिडकीकडे केली आणि पडदा ओढून घेतला. सुट्टीच्या दिवशी ते कधी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर गेल्याचं कुणी ऐकलं नाही. आणि लिफ्टचं एक होतं. आत शिरले की ते दार धरून उभे राहायचे, क्षणभर जास्तच. मागून कुणी येतंय म्हणून आपण थांबतो तसे. मागे कुणी नसायचं. मग ते किंचित बाजूला सरकून हात काढायचे. लिफ्टमध्ये दोघंच असली तरी ते कोपऱ्यात अंग चोरून उभे राहायचे, मधली जागा मोकळी सोडून.

एकदा नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात जावं लागलं. क्रूझवरून उतरवलेले एक म्हातारे गृहस्थ रात्रीतून वारले होते. टीडेमान आत जाऊन आले, बाहेरच्या बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, कागदी रुमालाने एकेक बोट पुसलं. उर्मिला कॉरिडॉरच्या टोकाला उभी होती. ते मान वळवून उलट्या दिशेला, रिकाम्या कॉरिडॉरकडे बघून म्हणाले, "चल, ये."

जर्मनमध्येही आपल्यासारखंच तू आणि तुम्ही असतं. टीडेमान तिला नेहमी 'तुम्ही' म्हणत. 'चला, फ्राऊ आगाशे' म्हणत. हे 'चल' होतं. लहान बहिणीला किंवा पोरीला म्हणावं तसं.

उर्मिलाने तिकडे पाहिलं. त्या बाजूला स्ट्रेचर लावलेलं होतं, बाकी काही नव्हतं. टीडेमान तिच्याजवळून गेले, आणि तिला उगाच वाटलं की आपण भिंतीला टेकून अजून कुणाला तरी वाट द्यावी. तिने दिलीही. मग स्वतःचाच राग आला.

घरी तिने उन्मेषला सांगितलं. तो ताटातला भात कालवत म्हणाला, "इतकी वर्षं तेच काम. डोकं फिरत असेल माणसाचं. तू फार जीवाला लावून घेऊ नकोस."

जाई मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "Aai, your boss got ghost, lah."

"गप गं," उर्मिला म्हणाली. इतकी जोरात की दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

नाताळच्या सुट्टीत वकिलातीचा तातडीचा फोन दरवर्षी टीडेमानच सांभाळायचे. बाकीच्यांना घरं आहेत, मला काय, म्हणायचे. पण चोवीसच्या डिसेंबरात त्यांना डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरल्या, हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं, आणि फोन उर्मिलाकडे आला. सव्वीस तारखेला दुपारचा चहा टाकत असताना तो वाजला.

"हेर टीडेमान?" एक म्हातारा, खरखरीत आवाज.

"त्यांना बरं नाही. मी त्यांची सहकारी, आगाशे. मी काही मदत करू शकते का?"

तो आवाज म्हणाला, "मी लामर्स. मी दरवर्षी आज त्यांना फोन करतो. त्यांनी तुम्हाला वीबकेबद्दल सांगितलं असेल."

"नाही."

"माझी मुलगी. वीस वर्षं झाली आज. थायलंडला, खाओ लाकच्या किनाऱ्यावर होती. त्सुनामीची लाट आली तेव्हा."

गॅसवर चहा उतू गेला. उर्मिलाने गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली. म्हातारा बोलत होता, आणि त्याचं बोलणं ऐकताना कळत होतं की ही वाक्यं त्याने मनात किती वेळा घोळवली असतील. हेर टीडेमान त्या वेळी तिथे मदतीला गेले होते. त्यांनी वीबकेला पाहिलं. कुणीतरी तिच्यावर हिरवं कापड घातलं होतं. केस चेहऱ्यावरून मागे सारलेले होते. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. तिच्याशेजारी ते थोडा वेळ बसले होते, तिला एकटं वाटू नये म्हणून.

"एवढं दुसऱ्या कुणी केलं नसतं," लामर्स म्हणाले. "ते लिमाला होते तेव्हा मी तिकडे फोन केला. अल्माटीला केला. माझी बायको कधी फोनवर यायची नाही, पण शेजारी बसून असायची. ती ऑक्टोबरात वारली. आता मी एकदा खाओ लाकला जाणार आहे. वाटेत सिंगापूरला थांबतो, फेब्रुवारीत. त्यांच्या तोंडून समोरासमोर ऐकायचंय. त्यांना सांगाल?"

"सांगेन," उर्मिला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती नोव्हेनाच्या हॉस्पिटलात त्यांना भेटायला गेली. टीडेमान उशीला टेकून बसले होते, हातावर सलाइनच्या सुईचे काळेनिळे डाग. लामर्स यांचं नाव काढताच त्यांनी डोळे मिटले. तिने सगळा निरोप सांगितला. बायको वारल्याचं, फेब्रुवारीचं, समोरासमोर ऐकायचंय म्हणाल्याचं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही तिच्याशेजारी बसलात हे ते कधी विसरले नाहीत."

"मी तिला पाहिलंच नाही," टीडेमान म्हणाले.

उर्मिलाला वाटलं, ताप चढलाय.

"एका देवळाच्या आवारात सगळ्यांना आणून ठेवलं होतं. इतके होते की मोजणं सोडून दिलं होतं. आणि ऊन. दोन दिवसांनी कुणाचा चेहरा ओळखू येत नव्हता, काळा-गोरा कळत नव्हता. मी सकाळपासून फोनवर एकच वाक्य बोलत होतो, तुमच्या माणसाची माहिती नाही, माहिती नाही. मग लामर्स यांचा फोन. मागे त्यांची बायको रडत होती. रडत नव्हती, एक आवाज काढत होती. त्यांनी विचारलं, तुम्ही तिला पाहिलंत का? आणि मी हो म्हणालो."

नर्स येऊन सलाइनची बाटली बघून गेली.

"हो म्हटल्यावर संपत नाही ना. कशी होती, विचारलं. समोर दोरीवर एक हिरवं कापड वाळत होतं. ते मी तिच्या अंगावर घातलं. त्यांनी पाठवलेल्या फोटोत तिचे केस कपाळावर होते, ते मी मागे केले. शेजारी बसलो होतो असंही मीच म्हणालो, त्यांनी विचारलं नव्हतं."

"आणि ती?"

"पुढच्या उन्हाळ्यात दातांवरून ओळख पटली. शवपेटी घरी गेली."

उर्मिलाने मनात महिने मोजले. "पण तुम्ही तिला ओळखलं होतंत, तर मग ओळख पटायला इतके महिने कसे लागले, हे त्यांनी कधी विचारलं नाही?"

"ते गोदीत इंजिनियर होते. हिशेबाला पक्के. नाही, कधी विचारलं नाही."

बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. टीडेमान दाराकडे बघत होते. उर्मिलाची पाठ दाराकडे होती आणि मान वळवायचा धीर होईना.

"लोमेला पहिल्यांदा आली," ते म्हणाले. "ऑफिसच्या जिन्यात उभी होती. हिरवं कापड. मी घाबरलो नाही, तेवढं खरं. ती काही करत नाही. नुसती बरोबर असते. मी तिच्याशेजारी बसलो होतो असं सांगून बसलोय, त्यामुळे तिला वाटतं माझी तिची ओळख आहे."

"आत्ता?" उर्मिलाने विचारलं.

टीडेमान यांनी तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरून तिची पर्स उचलून पलंगावर ठेवली, खुर्ची मोकळी केली.

त्या संध्याकाळी उर्मिला एमआरटीने यिशुनला परतली ती कशी, तिलाच आठवत नव्हतं. डोक्यात टीडेमान नव्हते, वीबके नव्हती. साधना सिस्टर होती. 'उर्मी म्हणाले.' बाबांनी तिला जन्मात कधी उर्मी म्हटलं नव्हतं. ठमे म्हणायचे. लहानपणी गाल गुबगुबीत होते म्हणून ठमे, लग्नात अक्षता टाकताना ठमे, शेवटच्या व्हिडिओ कॉलवर ऑक्सिजनच्या मास्कमधून ठमे. सिस्टरने तोंडाला-कानाला काय काय बांधलेलं, तिला नीट ऐकू आलं नसेल, अशी समजूत उर्मिलाने पहिल्याच दिवशी घालून घेतली होती. म्हणजे पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळलं होतं आणि विचारलं नव्हतं.

घरी येऊन ती देवापाशी दिवा लावायला गेली आणि तिथेच बसून राहिली. उन्मेष येऊन शेजारी टेकला. तिने सगळं सांगितलं.

"त्या सिस्टरचा नंबर आहे तुझ्याकडे," तो म्हणाला. "विचारायचंय का?"

"विचारलं तर ती बिचारी रडेल आणि खरं सांगेल. मग बाबा शेवटी काय म्हणाले?"

उन्मेषने दिव्यात तेल घालून वात सारखी केली. जाई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली.

जानेवारीत टीडेमान कामावर आले. वजन उतरलेलं, कोट लोंबायला लागलेला. त्यांनी ठरवलं होतं की लामर्सना खरं सांगायचं. "निवृत्त होण्याआधी एवढं तरी नीट करतो," म्हणाले. "तुम्ही बरोबर याल? त्यांना कमी ऐकू येतं, आणि माझा आवाज असा. आणि खरं म्हणजे, एकटा गेलो तर मी पुन्हा तेच सांगेन."

उर्मिलाला जायचं नव्हतं. नको म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडून हो गेलं.

लामर्स ऐंशी ओलांडलेले होते. रुंद हाडाचे, कानात यंत्र, पायात नवे कोरे सँडल. त्यांना समुद्र बघायचा होता. मग टॅक्सी करून तिघं ईस्ट कोस्टला गेली. बुधवारची सकाळ, सायकलवाले तुरळक, झाडाखाली एक म्हातारी ताई-चीचे संथ व्यायाम करत होती. पाणी इतकं शांत की त्याला समुद्र म्हणायला संकोच वाटावा. टीडेमान टॅक्सीतून उतरले आणि पहिल्यांदा जमिनीकडेच बघत चालले. बाकावर बसताना लामर्स एका टोकाला बसले, टीडेमान दुसऱ्या. मध्ये जागा राहिली. उर्मिला तिथे बसायला गेली आणि बसली नाही. उभीच राहिली.

"सांगा," लामर्स म्हणाले. "सावकाश सांगा. घाई नाही."

"हेर लामर्स, मला काहीतरी वेगळं सांगायचंय," टीडेमान म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं. फोनवर कसं बोलायचं ते शिकवायचे तसंच, सरळ, कुठेही पळवाट न ठेवता. मी तिला पाहिलं नाही. शेजारी बसलो नाही. मी ते रचलं.

लामर्स यांनी कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं. "पुन्हा सांगा."

टीडेमान यांनी पुन्हा सांगितलं.

"मग तिच्याशेजारी कोण बसलं होतं?"

"कुणी नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा बघवेना. तो रागाने लाल होईल असं उर्मिलाला वाटलं होतं, तसं झालं नाही. तो विझत गेला. मग फार हळू आवाजात लामर्स म्हणाले, "मला माहीत होतं."

टीडेमान यांनी मान वर केली.

"तारखा जुळत नव्हत्या. शवपेटी आली तेव्हाच कळलं. मी बायकोला, हिल्डाला, बोललो नाही, तीही मला बोलली नाही. आम्ही ते वाक्य घरात ठेवलं होतं. वीस वर्षं जपून. ती मेली तेव्हा मी तिला म्हणालो, जा, वीबके एकटी नव्हती. आणि तुम्ही आज ते उचलून घेऊन जाताय. कुणासाठी? माझ्यासाठी? मी तर तुम्हाला सावकाश सांगा म्हणालो होतो."

"मला वाटलं, तुम्हाला खरं—"

"तुम्हाला हलकं व्हायचं होतं," लामर्स म्हणाले. "व्हा."

ते उठले. वाळूतून पाण्यापर्यंत गेले, नवे सँडल भिजले तरी तिथेच पाठमोरे उभे राहिले. परत आले ते टीडेमानकडे न बघता. उर्मिलाने त्यांना टॅक्सी करून दिली. दार लावताना त्यांनी तिचा हात धरला. सोडला. तिने परत येऊन पाहिलं तर टीडेमान बाकाच्या मधल्या जागेवर हात ठेवून बसले होते, तळवा पालथा, जागा ऊबदार आहे का चाचपावं तसा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना लिफ्टपाशी दोघांची गाठ पडली. टीडेमान आत शिरले आणि थेट बटण दाबलं. दार मिटायला लागलं, उर्मिला कशीबशी आत आली.

"गेली?" तिने विचारलं.

"ती त्यांच्याबरोबर गेली," ते म्हणाले. "त्यांची मुलगी आहे."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण लिफ्टच्या आरशात तिला जो माणूस दिसला तो सुटलेला नव्हता. वीस वर्षांत तो पहिल्यांदा एकटा पडला होता. त्यानंतर ते कॉरिडॉरमध्ये मधेच थांबायचे, मागे वळून बघायचे, आणि रिकामा कॉरिडॉर बघून त्यांचे खांदे पडायचे. एका दुपारी तिने पाहिलं, खिडकीवरचा पडदा सरकवलेला होता आणि ते काचेला कपाळ टेकून समुद्राकडे बघत होते. शोधत होते.

आठवड्याभराने लामर्स यांचा फोन आला, खाओ लाकहून. उर्मिलाने उचलला.

"मला त्यांच्याशी बोलायचं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला विचारतो. ते कापड. तेही रचलेलं का?"

"नाही. कापड खरंच होतं. त्यांच्यासमोर दोरीवर वाळत होतं. हिरवंच होतं."

"नक्की?"

उर्मिलाला नियम आठवला. "मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "पण ते मला खरं वाटलं."

"इथे बायका तसलं कापड कमरेला गुंडाळतात. बाजारात भरपूर मिळतं. मी एक घेतलंय." मग ते म्हणाले, "म्हणजे कापड होतं." आणि फोन ठेवला.

ती हे टीडेमानना सांगायला गेली. त्यांनी ऐकून घेतलं, आभार मानले, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. जुलैमध्ये ते निवृत्त झाले. निरोपाला केक कापला, राजदूतांनी भाषण केलं, चाळीस वर्षांच्या 'निष्ठावान सेवे'बद्दल. टीडेमान गावी गेले, वडिलांच्या बेकरीच्या वरच्या खोल्यांत. तिथून लामर्स यांचं गाव गाडीने तासाभरावर. दोघं भेटल्याचं उर्मिलाच्या कानावर आलं नाही. तिने साधना सिस्टरचा नंबर पुसला नाही आणि लावलाही नाही. बाबा शेवटी उर्मी म्हणाले, असंच ती आजही सांगते.

टीडेमान यांच्या जागी नवा माणूस यायला वेळ होता, तेवढ्यात एका सकाळी पोलिसांचा फोन आला. युनिव्हर्सिटीत सहा महिन्यांसाठी आलेली एक जर्मन विद्यार्थिनी, सायकलवरून जाताना ट्रकखाली आली होती. उर्मिलाने कागदावर नाव लिहिलं, लीनूस. नाही, ते आडनाव. पोरीचं नाव होतं मारेन. घरी आई एकटी. जर्मनीत तेव्हा पहाट होती. आई उठेपर्यंत थांबायचं म्हणून उर्मिलाने फोन हातात घेऊन परत खाली ठेवला. मग उठली आणि टॅक्सीने सरळ शवागारात गेली.

तिथल्या मलाय माणसाने ओळखपत्र पाहिलं. "Family?"

"No. I just want to sit."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. आतून एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, कापडाने पुसली आणि ठेवली. उर्मिला बसली. पहिली पाच मिनिटं तिने फक्त जमिनीकडे पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं. जे होतं ते सगळं पाहिलं. बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी एकदा ती मराठीतच म्हणाली, "बसलेय हं मी." आपल्याच आवाजाने दचकली.

दुपारी, जर्मनीत सकाळ झाल्यावर, फोन तिने तिथूनच, बाहेरच्या पायरीवर बसून लावला. नाव सांगितलं. बसायला सांगितलं. तो शब्द उच्चारला. मग त्या बाईने विचारलंच.

"तिच्याजवळ कुणी आहे का?"

"मी आहे. आत्ता तिच्याजवळूनच आले."

"तिचा चेहरा?"

"डाव्या बाजूला जखम आहे. उजवी बाजू चांगली आहे. डोळे मिटलेले आहेत."

"तिथे थंडी आहे?"

उर्मिलाच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. पायरी उन्हाने तापली होती, तरी तिची बोटं अजून आखडलेलीच होती.

"हो," ती म्हणाली. "थंडी आहे. पांढरी चादर घातलीय तिच्यावर, जाड आहे."

"तिला थंडी सोसत नाही," आई म्हणाली.

त्यावर उर्मिलाकडे खरं असं काही नव्हतं, म्हणून ती गप्प राहिली. त्या बाईनेही फोन ठेवला नाही. दोघी तशाच थांबून राहिल्या, श्वास ऐकू येत होता, इकडचा आणि तिकडचा.